रवि वर्मांचं बिल
हर्णेत कुणाच्या होडीवर नाव रंगवताय, मित्राच्या हॉटेलचा लोगो करताय. पण पैशांचा विषय निघाला की जीभ अडखळते? मग राजा रवि वर्मा आठवा.

केरळातल्या किळिमानूरला १८४८ साली जन्मलेले रवि वर्मा ऑर्डरीवर चित्रं काढायचे आणि रीतसर पैसे घ्यायचे. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना पौराणिक विषयांवरची १४ चित्रं सांगितली. मोबदला ५० हजार रुपये! म्हणजे चित्रामागे साडेतीन हजारांच्या वर, तेही त्या काळात. पण ब्रश हातात घेण्याआधी ते उत्तरेत हिंडले, लोकांचे पेहराव पाहिले. चित्रं पुरी व्हायला १८९० उजाडलं. तुमच्या बिलात हे हिंडणं-पाहणं, कच्ची स्केचेस धरता का? निदान रंगाचे पैसे तरी आगाऊ मागा. डिझेल भरल्याशिवाय होडी बंदर सोडते का?

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. देवादिकांची चित्रं घराघरांत पोचली, नाव झालं, कर्जही फुगलं. (नाव आणि नफा, दोन वेगळ्या गोष्टी!) पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेला हा छापखाना शेवटी जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट. १९०६ मध्ये रवि वर्मा गेले. प्रती छापल्या जातच होत्या.