बेगम समरू व सरधन्याचा वारसा

आपल्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात एका तहामुळे राहिले आहे. 30 डिसेंबर 1803 रोजी येथे दौलतराव शिंदे यांनी गंगा-यमुनांमधील दुआब इंग्रजांस सोडून दिला. त्याच मुलखात, मीरतेजवळ, सरधना नावाची जहागीर असून तिची स्वामिनी एक कॅथोलिक स्त्री होती, हे थोड्यांसच ठाऊक असेल. तीच बेगम समरू होय.

ती जन्माने मुसलमान. तिचा पती वॉल्टर राइनहार्ट उर्फ समरू हा युरोपियन सेनानी 1778 मध्ये आग्रा येथे वारला. दुसऱ्या मुसलमान पत्नीचा पुत्र जफरयाब हयात असताही फौजेने बेगमेसच धनीण मानिले. 1781 मध्ये बेगम व जफरयाब या दोघांनी स्नानसंस्कार घेतला. तिचे नाव जोआना ठेविले. परंतु एकाच कुंडातील पाण्याने गादीचा कलह धुतला गेला नाही. 1793 मध्ये तिने ल व्हासू या फ्रेंच सरदाराशी गुप्तपणे विवाह केला, तेव्हा फौज बिथरली. 1795 मध्ये पती जिवास मुकला, ती कैदेत पडली व जफरयाब गादीवर बसला. जॉर्ज टॉमस याच्या साहाय्याने तिला सत्ता परत मिळाली.

1803 च्या युद्धात तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूस होत्या. तहानंतर धनी बदलला. 1805 मध्ये कंपनीने जहागीर तिच्या हयातीपुरतीच राखिली. तिने जफरयाबच्या मुलीचा मुलगा डेव्हिड डाइस सोंबर यास वारस म्हणून वाढविले. 27 जानेवारी 1836 रोजी ती वारली. त्यास संपत्ती मिळाली, राज्य मात्र कंपनीने घेतले.

दुआब शिंद्यांकडेच राहता तर? नजराणा घेऊन जहागीर वारसास देण्याची वहिवाट पाहता डेव्हिड कदाचित गादीवर बसता. पण बेगमेच्या एका विवाहाने बिथरलेल्या, नाना धर्मांच्या त्या फौजेने या कॅथोलिक तरुणास मानिले असते काय? वाटत नाही.

पुढे तो विलायतेस गेला. 1840 मध्ये एका प्रॉटेस्टंट उमरावाच्या कन्येशी विवाह केला. 1843 मध्ये वेडा ठरविला गेला व 1851 मध्ये लंडनमध्ये वारला. वंशाची आशा अशी मावळली.

परंतु बेगमेने 1822 मध्ये उभारिलेले पवित्र मरियेचे मंदिर आजही उभे आहे. 1961 मध्ये त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. एका तहाच्या कागदाने गादी गेली, देवास वाहिलेले मात्र टिकले. आपणही मुलांसाठी काय ठेवून जाणार, याचा विचार करावा. प्रभू तिच्या आत्म्यास चिरशांती देवो.