कुलूपबंद ग्रंथांची किल्ली : असफ फैजी

तलाक, वारसा, वक्फ यांपैकी कोणताही विषय निघाला की आपल्याकडे दोनच आवाज चढतात. एकाला शरियतमधले अक्षरही बदलणे पाप वाटते, तर दुसऱ्याला तो सारा कायदाच रानटी वाटतो. मूळ ग्रंथ मात्र दोघांनीही उघडलेला नसतो. अशा वेळी आम्हा वकिलांना आठवण होते ती असफ अली असगर फैजी यांची.

फैजींचा जन्म १८९९ साली माथेरानचा. घराणे सुलेमानी बोहरा. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून ते केंब्रिजला गेले. तेथे अरबी-फारसीचा व्यासंग केला, बॅरिस्टर झाले आणि परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ ते १९३८ या काळात बाबासाहेबांनी भूषविले होते. १९३८ साली त्याच खुर्चीवर फैजी आले आणि १९४७ पर्यंत राहिले.

त्या काळी मुस्लिम कायदा शिकायचा कसा? अरबी येणाऱ्या मौलवीला न्यायालय ठाऊक नव्हते आणि न्यायालय ठाऊक असणाऱ्या वकिलाला अरबी येत नव्हते. हनफी कायद्याचा आधार मानला गेलेला ‘हिदाया’ हा ग्रंथ चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजीत आणला, पण तोही मूळ अरबीवरून नव्हे, तर फारसी भाषांतरावरून! भाषांतराच्या या भाषांतरावर हिंदुस्थानातल्या कोर्टांत माणसांच्या संसाराचे निकाल लागत होते.

ही दरी फैजींनी भरून काढली. १९४९ साली त्यांचे ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ हे पुस्तक आले. त्यात नुसती कलमे नव्हती. कुराण, सुन्ना, इज्मा आणि कियास या चार स्रोतांतून कायदा कसा घडला, हनफी आणि शिया यांत मतभेद का पडले, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग विवाह, मेहर, तलाक, वारसा यांकडे वळले. नियमामागे माणसांची बुद्धी आणि इतिहास उभा आहे, हे विद्यार्थ्याला प्रथमच दिसले.

याहून धाडसाचे काम दुसरेच होते. बोहरा समाजात इस्माइली हस्तलिखिते धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवीत नसत. फैजींनी मात्र आपल्या संग्रहातील सुमारे दोनशे हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. दहाव्या शतकातील फातिमी न्यायाधीश काझी नुमान यांचा ‘दआइम अल्-इस्लाम’ त्यांनी संपादित केला. त्याचा पहिला खंड १९५१ साली कैरोत छापला गेला. तेव्हा ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. त्याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्यांनी हाती घेतले. ते इस्माइल पूनावाला यांनी सुधारून २००२ आणि २००४ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. ते पाहायला फैजी नव्हते. १९८१ साली त्यांचे निधन झाले होते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६३ साली ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या पुस्तकात त्यांनी धर्म आणि कायदा वेगळे करण्याचा विचार मांडला. श्रद्धा अंतःकरणात राहते, कायदा मात्र काळाप्रमाणे बदलतो, ही त्यांची भूमिका. परंपरावाद्यांना ती मानवणारी नव्हती. पण फैजींना अडाणी ठरवून गप्प बसवणे कोणालाच शक्य नव्हते, कारण मूळ ग्रंथ त्यांच्या हातात होते.

मुद्दा इथेच आहे. ग्रंथ कुलूपबंद असतात तेव्हा किल्ली बाळगणाराच धर्म ठरवतो, आणि त्याची झळ सर्वांत आधी बसते ती मेहर आणि पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाईला. तिचे वकीलपत्र घेणाऱ्याने केवळ गाईड घोकून भागत नाही. धर्मात असेच आहे असे जो ठणकावून सांगतो, त्याला कुठे आहे ते दाखवा, असे विचारता आले पाहिजे. फैजींनी ती सोय करून ठेवली आहे. आमच्या तरुण वकिलांनी ते पुस्तक पहिल्या प्रकरणापासून वाचावे. परीक्षेला येणारी प्रकरणे तेवढी वाचून सोडू नये.