बहिर्जी नाईक : ज्याच्या नजरेतून काही सुटत नसे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची नवी पद्धत जगाला मिळाली. एक जण गेम मास्टर, बाकीचे पात्रं. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पुढे जायचं. आता हॉस्टेलवर ज्यांनी हा खेळ चालवलाय त्यांना एक डोकेदुखी नक्की माहीत असेल. टोळीत एक असा गडी असतो की ज्याचा 'निरीक्षण' हा गुण भयंकर मोठा. दाराआडचा पहारेकरी त्याला दिसतो, लपवलेला सापळा दिसतो, खोटं बोलणाऱ्याची पापणीही दिसते. मग गेम मास्टर वैतागतो. रात्रभर जागून रचलेलं रहस्य हा पठ्ठ्या पहिल्या पाच मिनिटांत फोडणार! मग त्याच्यासाठी धुकं आणा, अंधार आणा, नाहीतर सापळाच 'जादूने अदृश्य' करा. थोडक्यात, त्याचा गुण काढून घ्या.

यावर उपाय शोधायला परदेशी पुस्तकं चाळण्याआधी आपल्याच मातीतल्या एका माणसाचं चरित्र वाचावं. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख म्हणून ज्यांना आपण शाळेपासून ओळखतो, ते बहिर्जी नाईक.

फकीर, वासुदेव, भिकारी अशा त्यांच्या वेषांतरांच्या कथा लोकपरंपरेत पुष्कळ आहेत. त्यांची समाधी म्हणून सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावरची जागा दाखवली जाते. पण कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत बहिर्जी येतात ते मोजक्याच ओळींत. हेराच्या चरित्राला हे शोभूनच दिसतं म्हणा! पण त्या मोजक्या ओळी फार मोलाच्या आहेत.

पहिला प्रसंग सुरतेचा. सुरत म्हणजे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर. बहिर्जी तिथे जाऊन, बघून परत आले आणि महाराजांना सांगितलं की हे शहर मारलं तर अगणित द्रव्य हाती लागेल. बस्स. पुढचा विचार महाराजांचा. चाकर माणसांवर सोपवून हे काम नीट होणार नाही, स्वतःच गेलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि ६ जानेवारी १६६४ रोजी मराठी फौज सुरतेवर थडकली.

इथे जरा थांबून बघा. सुरतेत बघण्यासारखं काय होतं? उंच मजबूत तट नव्हता, मातीची भिंत होती. सुभेदार इनायतखान बादशाही खजिन्यातून सैन्याचा पगार उचलत होता, पण तेवढं सैन्य त्याने ठेवलेलंच नव्हतं. कागदावर फौज आणि प्रत्यक्षात रिकामी चौकी! असली गोष्ट भिंत फोडून कळत नाही, बाजारात चार दिवस हिंडून, कान उघडे ठेवून कळते. आणि कळल्यावरही प्रश्न उरतोच. सुरत ते राजगड सरळ रेषेत मोजलं तरी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त. बातमी घोड्यावरून येणार, मग फौज निघणार. तोवर ती शिळी झाली तर?

आणि हो, सगळं बघून ठेवलं तरी सगळं टळतं असं नाही. हल्ला झाल्यावर इनायतखान किल्ल्यात दडून बसला. दुसऱ्या दिवशी त्याचा वकील तहाची बोलणी करायला आला आणि बोलता बोलता खंजीर काढून महाराजांवर धावला. एका अंगरक्षकाने त्याचा हातच उडवला म्हणून अनर्थ टळला. भिंत, फौज, खजिना यांची माहिती आधी काढता येते, पण एका घाबरलेल्या माणसाच्या मनात आयत्या वेळी काय येईल हे कोणत्या हेराला दिसणार? १० जानेवारीला, मोगल फौज येत असल्याची खबर मिळताच मराठे सुरतेहून निघाले. म्हणजे आत जायलाही खबर लागली आणि बाहेर पडायलाही!

दुसरा प्रसंग त्याहून कठीण. नोव्हेंबर १६७९. जालना लुटून फौज परत निघाली होती. लुटीचं ओझं, थकलेली जनावरं, आणि पाठीवर रणमस्तखान. लढाईत सिदोजी निंबाळकर कामी आले. आणखी मोगल फौज येत होती. तेव्हा बहिर्जी पुढे झाले आणि शत्रूला चुकवून आडवाटेने नेण्याचं त्यांनी पत्करलं. रात्रंदिवस मजल मारत सगळी फौज अकोल्याजवळच्या पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचली. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली, म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड झालं. ज्याला वाट दिसते त्याच्यावर अख्ख्या फौजेचा जीव टांगलेला असतो, हे ओझं तलवारीपेक्षा जड!

आता आपल्या खेळाकडे येऊ. समजा गोष्ट १६७० ची आहे आणि तुमची टोळी पाताळगंगेच्या काठी आपट्याला उतरली आहे. (हो, तेच पनवेलजवळचं आपटा, जिथल्या स्टेशनवर 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट चित्रित झाला!) जवळच कर्नाळा. पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेला हा किल्ला परत घ्यायचाय. टोळीत एक बहिर्जी आहे. गेम मास्टरने काय करावं?

त्याला सगळं दाखवावं. फासासुद्धा मागू नये. वरचे पहारे किती, पाणी कोण भरतं, कोणती दिवटी लवकर विझते, सगळं सांगावं. फक्त त्याचा अर्थ सांगू नये. दिवटी विझते ती तेल संपल्यामुळे, की कोणी खूण करतंय म्हणून? मग टोळीला ठरवू द्यावं. आज रात्री चढायचं, की थांबून खात्री करायची? थांबलात तर पनवेलकडून कुमक येईल. शिवाय बहिर्जी एका वेळी एकाच जागी असतो. तो कड्यावर असताना आपट्याच्या बाजारात कोण बोलणार? तिथे बाकीच्या पात्रांना काम मिळतं. इतिहासात मराठ्यांनी कर्नाळा घेतला तो पुढे सरकत, आडोशाचे बांध घालत घालत. म्हणजे माहिती असूनही घाम गाळावाच लागला.

खरी गंमत 'दिसलं की नाही' यात नसतेच, 'दिसलं, आता काय करायचं' यात असते. बहिर्जींची नजर अधू केली असती तर गोष्ट रंगली नसती, उलट सुरतही नाही आणि पट्टाही नाही! तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर असा तीक्ष्ण नजरेचा गडी बसला तर त्याच्यापुढे धुकं आणू नका. त्याला दिसू द्या. आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवा, चढायचं की नाही ते!