फार्न बेटावरील संत कथबर्ट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यास लागून लिंडिस्फार्न नांवाचें एक बेट आहे. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. भरती आली कीं वाट बुडते. बेटाच्या जवळच बडल नांवाची उथळ खाडी असून भोंवतीं चिखलाचीं विस्तीर्ण मैदानें आहेत. ज्यांचें बालपण कोंकणांत गेलें त्यांस हा देखावा अगदींच परका वाटणार नाहीं. थंडी पडूं लागली कीं उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांवरून ब्रेंट जातीचे हंस हजारोंनीं येथें येतात. १९६४ सालापासून हा प्रदेश कायद्यानें संरक्षित आहे. परंतु येथील पांखरांचा कैवारी म्हणून लोक ज्याचें नांव घेतात, तो साधुपुरुष तेराशें वर्षांपूर्वींचा आहे.

कथबर्टाचा जन्म इ. स. ६३५ च्या सुमारास झाला. तरुणपणीं तो डोंगरांत मेंढरें राखीत असे. ६५१ सालीं ऑगस्टच्या अखेरीस एके रात्रीं कळपाजवळ जागत असतां, देवदूत एका पुण्यात्म्यास स्वर्गांत नेत आहेत असें त्यास दिसलें. पुढें कळलें कीं, त्याच रात्रीं लिंडिस्फार्नचा बिशप एडन निवर्तला होता. कथबर्टानें मेंढरें धन्याच्या स्वाधीन केलीं आणि मेलरोजच्या मठाची वाट धरली. कांहीं वर्षांनीं महामारी आली. तींत तो स्वतः मरतां मरतां वांचला, पण त्याचा गुरु बॉइझिल गेला आणि मठाचा कारभार शिष्याच्या शिरीं आला. पुढें त्यास लिंडिस्फार्नच्या मठांत पाठविण्यांत आलें.

त्याचें चरित्र वंदनीय बीड या मठवासी इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्यांत मनुष्यांइतकाच पशुपक्ष्यांचा वावर आहे. एकदां कथबर्ट दोन सोबत्यांसह नावेनें पिक्ट लोकांच्या मुलखांत गेला असतां वादळामुळें तिघेहि किनाऱ्यावर अडकून पडले. अन्न संपलें. तेव्हां प्रार्थना करून ते पाहतात तों डॉल्फिनच्या मांसाचे तीन तुकडे, जणूं सुरीनें कापल्याप्रमाणें, वाळूंत पडलेले! ते त्यांस तीन दिवस पुरले. आजहि डॉल्फिन या किनाऱ्याजवळ दिसतात. स्कॉटलंडच्या मोरे आखातांतील कांहीं टोळ्या येथवर येऊं लागल्या आहेत. कोल्डिंगहॅम येथें तो रात्रीं गळ्याइतक्या समुद्रांत उभा राहून प्रार्थना करी. पहांटे तो वाळूवर गुडघे टेकी, तेव्हां दोन पाणमांजरें येऊन श्वासानें त्याचे पाय ऊब देत व अंगानें पुशीत, असें लपून पाहणाऱ्या एका मठवाशानें सांगितलें आहे.

६७६ सालीं तो एकांतवासासाठीं समुद्रांतील फार्न बेटावर गेला. तेथें त्यानें दगडामातीची वाटोळी भिंत रचली व आंतील जमीन इतकी खोल खणली कीं, आंतून आकाशाखेरीज कांहीं दिसूं नये. मला नेहमीं वाटतें, पृथ्वीवरून नजर काढून घेतलेल्या त्या मनुष्यास उडणारीं पांखरें मात्र दिसतच असतील.

त्याचें व पांखरांचें नातें भाबड्या लाडाचें नव्हतें. त्यानें गहूं पेरला, तो उगवला नाहीं. हंगाम टळल्यावर जव पेरला, तो पिकला. आणि पांखरें कणसांवर तुटून पडलीं. जें आपण पेरलें नाहीं तें कोणत्या हक्कानें खातां, असें त्यानें त्यांस विचारलें. देवाची परवानगी असेल तर खुशाल खा, नसेल तर निघून जा, एवढेंच त्याचें म्हणणें. तीं निघून गेलीं. पाहुण्यांच्या झोंपडीचें गवत उपटणाऱ्या डोमकावळ्यांसहि त्यानें हांकून दिलें. तीन दिवसांनीं एक परत आला, पंख पसरून व मान लववून उभा राहिला. त्यास क्षमा मिळाली. मग जोडीनें डुकराच्या चरबीचा तुकडा भेट आणला! ती चरबी पाहुणे आपल्या जोड्यांस लावीत. कोणी ह्या गोष्टी अक्षरशः मानील, कोणी मानणार नाहीं. पण ज्यानें शेजारी म्हणून कावळा पाहिलाच नाहीं, त्यास हें सुचलें नसतें.

६८४ सालीं त्यास बिशप निवडलें. पत्रें गेलीं, निरोप गेले, तो हालेना. शेवटीं राजा एक्गफ्रिथ स्वतः नावेंत बसून बेटावर आला व त्यानें गुडघे टेकून विनंति केली. कथबर्ट रडत बाहेर पडला. हीच त्याच्या आयुष्यांतील खरी कसोटी होती, उपासतापास नव्हे. पुढील सुमारें दोन वर्षें तो डोंगरांतील खेड्यापाड्यांतून व महामारीनें उजाड झालेल्या वस्त्यांतून फिरला. ६८६ च्या नाताळानंतर, अंत जवळ आल्याचें ओळखून, तो फार्नला परतला आणि ६८७ च्या २० मार्चला तेथेंच वारला. सोबतच्या मठवाशांनीं दोन दिवे पेटवून लिंडिस्फार्नवरील बंधूंस ती वार्ता कळविली.

त्यानें आयडर जातीच्या बदकांस अभय दिलें अशी परंपरा आहे. बीडच्या ग्रंथांत ती नाहीं. बाराव्या शतकांत डरहॅमच्या रेजिनाल्डनें तेथील पांखरांच्या अभयाच्या कथा लिहिल्या. फार्न बेटें १९२५ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यांत आहेत. १९८२ च्या उन्हाळ्यांत तेथें पायांत कडें घातलेलें कुररी पक्ष्याचें पिल्लूं त्याच ऑक्टोबरांत ऑस्ट्रेलियांत मेलबर्नजवळ सांपडलें. २०२२ सालीं मात्र पक्ष्यांच्या साथीच्या रोगानें बेटांवर हजारों पांखरें मेलीं व प्रवाशांस उतरण्याची बंदी झाली. २०२४ मध्यें ती उठली. आयडरांस तेथील लोक कडीचीं बदकें म्हणतात. कडी हें कथबर्टाचें लाडकें नांव. मादी अंडीं उबवूं लागली कीं, माणसाचें पाऊल अगदीं जवळ आलें तरी सहसा जागचें उठत नाहीं.