कंटाळून बाजूला ठेवलेलं पुस्तक ते आयुष्यभराचा ध्यास: पंडिता रमाबाईंनी एकटीनं अख्खं बायबल मराठीत का आणलं?

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शारदा सदन, विधवांचं शिक्षण, केडगावचं मुक्ती मिशन, टिळकांशी झालेला वाद. दरवर्षी 23 एप्रिलला, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, याच गोष्टींच्या पोस्ट फिरतात. पण आयुष्याची शेवटची 17-18 वर्षं ज्या कामात गेली, ते बहुतेक पोस्टमध्ये एका ओळीत उरकलं जातं: बायबलचं मराठी भाषांतर.

ते एका ओळीचं काम नव्हतं. जुना करार हिब्रूत, नवा करार ग्रीकमध्ये. या दोन्ही भाषा शिकून, हजारो माणसांची संस्था चालवत, कमी ऐकू येत असताना एका बाईनं संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणलं. यातली खरी गंमत वेगळीच आहे. हेच पुस्तक पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा रमाबाईंनी ते वेळेचा अपव्यय समजून मिटून ठेवलं होतं.

मग नेमकं काय बदललं?

अर्थ सांगायचा नाही, फक्त वाचायचं

गोष्ट सुरू होते 1858 मध्ये, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी बायको लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. शास्त्रात याला बंदी नाही, हे त्यांना पंडितांच्या सभेत सिद्ध करावं लागलं. पुढे लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे उठवून रमाबाईंना शिकवलं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना पाठ होते.

हे कुटुंब पुराणिक होतं. गावोगावच्या देवळात, नदीच्या घाटावर बसायचं आणि पुराणं मोठ्यानं वाचायची. लोक ऐकायचे, दक्षिणा ठेवून जायचे. पण जे वाचलं त्याचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगायची पद्धत नव्हती. शब्द कानावर पडला की पुण्य, वाचणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. समोर बसलेल्या बाईला एक अक्षर कळलं नाही तरी चालत होतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दुष्काळ आला. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. अन्न नाही, अंगावर धड कपडे नाहीत, अशा अवस्थेत दोघं देशभर पायी फिरले. व्रतं, उपास, तीर्थं असं सगळं करून झालं होतं. त्यातून काहीच हाती लागलं नाही, आणि दोघांची जुनी श्रद्धा डळमळली.

खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारी माणसं

1878 मध्ये भाऊ-बहीण कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. शहरभर तिचं नाव झालं.

याच काळात एकदा ख्रिस्ती लोकांनी दोघांना आपल्या मेळाव्याला बोलावलं. प्रार्थनेच्या वेळी तिथली माणसं खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसली. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! तिथेच त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. त्यांनी ती उघडून पाहिली. पण कालिदास आणि पुराणांवर वाढलेल्या कानांना ती भाषा फारच परकी वाटली आणि शिकवणही ओळखीची नव्हती. थोडं वाचून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. फक्त एक केलं, ते टाकून दिलं नाही.

कलकत्त्यातच ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन भेटले. वेद वाचलेत का, असं त्यांनी विचारलं. बाईला तो अधिकार नाही, असं रमाबाईंनी सांगितलं. इतकी विद्वान मुलगी, पण हे तिनं तोवर मान्य करून टाकलं होतं. सेन यांनी वेदाची एक प्रत तिच्या हातात ठेवली आणि वाचायला सांगितलं. बंद कपाटातलं पुस्तक स्वतः उघडून बघायची सवय इथून लागली असं म्हटलं, तर ते चुकीचं होणार नाही. कारण त्यानंतर रमाबाई कुणाच्या सांगण्यावर थांबल्या नाहीत. धर्मशास्त्रं वाचली, आणि स्त्रियांबद्दल तिथे जे सापडलं त्यानं त्या अस्वस्थ झाल्या.

सिलचरमधलं छोटं बंगाली पुस्तक

1880 मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. त्या काळी हे किती धाडसाचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

आसाममधल्या सिलचरला संसार सुरू झाला. घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली, लूकचं शुभवर्तमान, बंगालीत. ती तिथे कशी आली हे त्यांना माहीत नव्हतं. पण या वेळी त्या थांबल्या नाहीत, वाचत गेल्या. फरक काय होता? एक तर ही बोलती भाषा होती. दुसरं म्हणजे कोणी वाच म्हणून मागे लागलं नव्हतं. ॲलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातल्या गोष्टी समजावून सांगू लागले. रमाबाईंनी ख्रिस्ती होण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मात्र पती नाराज झाले. ते स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल त्यांना माहीत होतं, पण ख्रिस्ती म्हणवून घेणं त्यांना नको होतं.

1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं मेधावींना नेलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक, हे सगळं त्याच वर्षातलं. सोबत इंग्रजीचा आणि नव्या कराराचा अभ्यासही सुरू होता. इथेच त्यांची ओळख फादर नेहेम्या गोरे यांच्याशी झाली. हे मूळचे नीळकंठशास्त्री, त्यांच्यासारखेच चित्पावन, आणि ख्रिस्ती झालेले.

फुलहॅमचा प्रश्न आणि विहिरीवरची बाई

1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी रमाबाई इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. वाँटेजच्या ज्या भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजानं वाईट चालीच्या ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जात होता, आणि त्यांची सेवा सन्मानानं होत होती. रमाबाईंना हे कळेना. असल्या बायकांबद्दल कुणाला कळवळा का वाटावा? उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री यांची भेट.

रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो क्षण निर्णायक होता. वर्षानुवर्षं ज्या प्रश्नानं त्या अस्वस्थ होत्या, त्याचं उत्तर त्यांना एका पडित ठरवलेल्या बाईच्या गोष्टीत मिळालं. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे गोष्ट संपली? अजिबात नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे सर्वाधिक वाद झाले ते चर्चशीच. चर्च सांगतं म्हणून मान्य करा, ही भूमिका त्यांना पटेना. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले, वडीलधाऱ्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याचं भांडण घेतलं. शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, मी वाचून ठरवते, असा त्यांचा खाक्या. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांनाही त्यांचा आक्षेप होता. जी भाषा आपल्या देशातल्या बायकांना समजत नाही आणि आपल्यालाही येत नाही, ती गळ्यात का मिरवायची? पुराणिकाची मुलगी हे बोलत होती, हे विसरू नका.

आणि एवढं भांडूनही आतून काहीतरी रिकामं होतं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र अजून सापडलेला नाही. त्यानंतर त्यांचं वाचन बदललं. वाद जिंकण्यासाठी उघडलं जाणारं पुस्तक रोजच्या जेवणासारखं झालं.

मुक्ती: अक्षरओळख आणि छापखाना

मधला इतिहास अनेकांना माहीत असतो. अमेरिकेत निधी गोळा करून 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करत. मुली येऊन बसू लागल्या, काहींना ख्रिस्ती व्हावंसं वाटलं. केसरीनं टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं सांगून सुरू झाली होती, त्यामुळे त्यांचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. रमाबाईंचं म्हणणं असं, की दार बंद करून प्रार्थना करायची तर मग मोकळीक कसली?

पुढे दुष्काळ आले, 1896-97 चा मध्य प्रांतातला आणि 1900 चा गुजरातमधला. रमाबाई स्वतः जाऊन मुली गोळा करून आणत होत्या. दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं आणि काही वर्षांत तिथली संख्या 2000 च्या घरात गेली. दुष्काळाचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते.

या मुलींमधल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या वाचायला शिकल्या, आणि रोज वाचायचं पुस्तक होतं बायबल. दृष्टी नसलेल्या मुली ब्रेलवर बोटं फिरवून वाचत. पण एक अडचण होती. पुस्तक मराठी होतं, मराठी मात्र या मुलींची नव्हती.

मराठीत बायबल नवं नव्हतं. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचं शुभवर्तमान 1805 मध्येच मराठीत आलं होतं. नंतर पूर्ण बायबल आलं, त्याच्या सुधारणा झाल्या. पण प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर होती. शास्त्र्यांना ती गोड वाटली असती, शेतमजुराच्या मुलीला कळायची नाही. संस्कृतची हाडाची पंडिता असलेल्या रमाबाईंनाच हे खटकावं, यातच सगळं आलं. संस्कृत शब्द आले की सोबत जुने अर्थही येतात, हाही त्यांचा आक्षेप होता. सोपी मराठी आणि मूळ भाषेशी इमान, या दोन अटींवर 1904-05 च्या सुमारास त्या कामाला लागल्या.

चाळिशी उलटून गेल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायचं, एकेक शब्द मूळ कोशात बघायचा, त्याला घराघरांत बोलला जाणारा मराठी शब्द शोधायचा. छपाईही घरचीच. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत मुलीच काम करत. आधी सुटी शुभवर्तमानं निघाली, नंतर नवा करार छापून झाला. आसपासच्या खेड्यांत जाणाऱ्या मुक्तीच्या बायका हीच छोटी पुस्तकं सोबत नेत.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. बायबलचं भाषांतर करणारी जगातली पहिली स्त्री, असा रमाबाईंचा उल्लेख काही ठिकाणी दिसतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या ज्युलिया स्मिथ यांनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर 1876 मध्येच छापलं होतं. रमाबाईंचं मोठेपण पहिल्या असण्यावर अवलंबूनही नाही.

भाषांतर निर्दोष होतं का? नाही. मूळ शब्दाला इतकं घट्ट धरल्यामुळे वाक्यं कधी कधी अवघडलेली वाटतात, आणि बहुतेक चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं. सोपं लिहिणं आणि शब्दशः लिहिणं या दोन गोष्टी दरवेळी एकत्र नांदत नाहीत.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनंतर मुक्ती सांभाळायची ती तिनंच, असं सगळे धरून चालले होते. वय साठीच्या पुढे, शरीर थकलेलं, आणि जुन्या कराराची मुद्रितं तपासायची राहिलेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. शेवटचं मुद्रित हातावेगळं होईपर्यंत दहा दिवस मिळावेत, अशी त्यांनी प्रार्थना केली होती, अशी आठवण सांगितली जाते. 5 एप्रिल 1922 ला केडगावात झोपेतच त्यांचा मृत्यू झाला.

छापखाना सुरूच राहिला. 1924 मध्ये संपूर्ण बायबल तिथून बाहेर पडलं, आणि त्याची पानं जुळवणाऱ्यांमध्ये काही वर्षांपूर्वी अक्षरही न येणाऱ्या बायका होत्या.