कमरेच्या काचाचा शोध घेणारे डॉ. खानोलकर

आपली दहावी झाली तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. त्याच वर्षी माझी आजी गेली. परकराच्या नाडीखाली तिला जखम झाली होती. लाजेपायी दोन वर्षं तिनं ती कुणालाच दाखवली नाही.

पुढे इंजिनिअर झाले, नोकरीला लागले आणि फार उशिरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांविषयी वाचलं. त्यांचा जन्म १८९५ चा. १९२३ मध्ये ते लंडन विद्यापीठाचे एम.डी. झाले. मुंबईत वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवून पुढे ते टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबत नसत. रोगी काय नेसतो, तंबाखू कशी घेतो, हेही पाहत. १९४५ मध्ये सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून नेसलेल्या धोतराच्या काचानं कमरेच्या कातडीला कर्करोग होतो. परकराच्या नाडीचंही तसंच आहे.

त्यांना पद्मभूषण मिळालं, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७८ मध्ये गेले. आजीला मात्र हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

आपल्या आया-मावश्यांना आपण सांगू या: नाडी रुंद घ्या, सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा. कमरेवर किंवा गुप्तांगावर काही आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुकडा तपासला की निदान होतं, आणि वेळेत काढला तर हा कर्करोग बरा होऊ शकतो.