राजरत्न प्रा. माणिकराव

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्यांच्यामुळे देशभर ओळखले गेले, त्या माणिकरावांचे नाव मात्र संस्थेच्या नावात नाही. आपल्या वस्तादांचेच नाव त्यांनी अखेरपर्यंत पुढे केले.

गजानन यशवंत माणिकराव यांचा जन्म १८७८ चा. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी बडोदे हे मल्लविद्येचे मोठे आश्रयस्थान होते. तेथे जुम्मादादांच्या तालमीत ते घडले आणि पुढे ती तालीम त्यांच्याच हाती आली. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. त्यांच्या नावामागील ‘प्रोफेसर’ ही उपाधी कोण्या विद्यापीठाची नव्हे, प्रो. राममूर्तींप्रमाणे बलोपासकांना ती लोकांनीच देण्याची तेव्हा रीत होती. ‘राजरत्न’ हा किताब मात्र दरबारचा.

तालमीत वस्ताद एकेका पठ्ठ्याला घडवितो. शेकडो मुलांना एका वेळी शिकवावयाचे तर शाळांतून इंग्रजी हुकुमांची कवायत तेवढी होती. माणिकरावांनी देशी व्यायामप्रकारांना सांघिक रूप दिले आणि त्यासाठी हिंदी आज्ञा योजिल्या. आज मैदानावर ‘सावधान’, ‘विश्राम’ हे शब्द सहज कानी पडतात. त्या काळी परकीय भाषेवाचून कवायत चालविणे ही लहान गोष्ट नव्हती. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांच्यापाशी शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले व १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. गुजरातेत आखाड्यांची चळवळ उभारणारे छोटुभाई पुराणी हेही माणिकरावांचेच शिष्य.

तथापि सामान्य जनांस त्यांचा खरा आधार वाटे तो हाडवैद्य म्हणून. ही विद्या तालमीतूनच आलेली. प्रतिस्पर्ध्याचा सांधा कोठवर वळतो आणि कोठे निखळतो, हे मल्लाच्या बोटांना जितके ठाऊक, तितके पुस्तकांतून कळणे कठीण. निखळलेला सांधा चाचपून जागी बसवावा, मोडलेले हाड जुळवून पट्ट्यांनी आवळावे, पुढे मर्दनाने अवयव हळूहळू चालता करावा, अशी ही चिकित्सा. त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. पण व्यायामशिक्षकाने शरीर कमवावयास शिकवावे आणि मोडले तर सांधूनही द्यावे, हे कर्तव्य त्यांनी आपले मानिले. आजच्या व्यायामशिक्षकाकडून ही अपेक्षा कोणी करीत नाही. तो दोष केवळ त्याचा नव्हे.

१९५४ साली ते निवर्तले. बडोद्याहूनच द. चिं. मजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ जुन्या मराठी ग्रंथालयांतून अद्याप आढळतो. ज्या विद्येला माणिकरावांनी आयुष्य वाहिले, तिचा विस्तार जिज्ञासू वाचकांस त्यात पाहावयास मिळेल.